अप्पांना माऊस शिकवताना

सोमवार, ३

कॉम्प्युटरचे सर पळाले. सकाळी फोन आला, मीच उचलला. म्हणाले, "मालकीणबाईंना सांग, माझी तब्येत बरी नाही, मी काही आता यायचो नाही." तब्येत कसली! आमच्या वर्कशॉपच्या लोकांनी दोनच क्लासमध्ये त्यांचा पार भुगा केला. ते म्हणाले, "विंडो खाली करा," तर गाड्यांचा पत्रा ठोकणारे डेंटरकाका टेबलाखाली वाकून काच खाली करायचं हँडल शोधायला लागले. सरांना वाटलं मुद्दाम करतायत. मलाही तेच वाटलं, पण डेंटरकाकांचा चेहरा बघून नक्की सांगता येत नाही.

मालकीणबाईंना निरोप दिला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या कीबोर्डकडे, मग परत माझ्याकडे. "तू शिकव," म्हणाल्या.

मी मान हलवली. मला नाही म्हणायचं होतं. पण माझी मान कायम वरखालीच हलते, आडवी हलतच नाही.

मी काउंटरवर बसते. गाडी आली की जॉब कार्ड टाइप करते. नंबर, किलोमीटर, तक्रार. गिऱ्हाईक बोलतं, मी टाइप करते, माझं तोंड उघडायची गरजच पडत नाही. म्हणून तर हे काम मला आवडतं. शाळा नववीत सोडली ती याच तोंडामुळे. बाई म्हणायच्या, उभी राहा आणि वाच. मी उभी राहायचे, वाचायचे नाही. शेवटी अप्पा म्हणाले, चल माझ्याबरोबर.

अप्पा म्हणजे माझे वडील. इथे त्यांना सगळे मोठे मिस्त्री म्हणतात.

मालकीणबाईंनी सगळ्यांना गाड्यांमध्येच उभं करून सांगितलं. सत्तावीस तारखेला गाडीच्या कंपनीचे साहेब येणार. परीक्षा कॉम्प्युटरवर. जो पास होईल त्यानेच पुढे कंपनीच्या गाड्यांना हात लावायचा. बाकीचे वॉशिंगला.

"वॉशिंगला म्हणजे गाड्या धुवायला?" डेंटरकाका म्हणाले. "मोठे मिस्त्रीपण?"

"नियम माझा नाही, कंपनीचा आहे," मालकीणबाई म्हणाल्या. "मोठे मिस्त्रीपण."

अप्पा तेव्हा एका गाडीखाली झोपलेले होते. नुसते पाय दिसत होते. पाय काही हलले नाहीत.


मंगळवार, ४

क्लास झाला. झाला म्हणजे मी उभी होते.

स्पेअर पार्टच्या स्टोअरच्या वरच्या खोलीत तीन कॉम्प्युटर आहेत. खाली कम्प्रेसर सुरू झाला की जमीन थरथरते आणि पडद्यावरचे आकडेसुद्धा थरथरल्यासारखे वाटतात. समोर आमचे सगळे मेकॅनिक, आणि ऑटोमोबाईलच्या कोर्सची पोरं, जी दुपारी आमच्याकडे हात काळे करायला येतात. त्यांचीपण तीच परीक्षा. त्यातला एक कॉलर वर करून फिरतो, त्याला सगळे कॉलरच म्हणतात. त्याने मला बघितल्या बघितल्या विचारलं, "सायलेन्सर शिकवणार? मग ऐकू कसं येणार?"

सायलेन्सर म्हणजे मी. गाडीचा आवाज दाबायला मागे बसवतात ना, ते. हे नाव मला पहिल्याच आठवड्यात पडलं.

मी म्हणाले, "हा माऊस." मला वाटलं मी म्हणाले. डेंटरकाका म्हणाले, "पोरी, ओठ हलले, पण माल बाहेर नाही आला."

सगळे हसले. अप्पा नाही हसले. ते सगळ्यात मागे, दाराजवळ, हाताची घडी घालून बसले होते. मला कळेना त्यांना काय म्हणू. अप्पा म्हटलं तर पोरं हसतील. मिस्त्री म्हटलं तर घरी जाऊन काय तोंड दाखवू? म्हणून मी त्यांना काहीच म्हणाले नाही. त्यांना काहीच विचारलंही नाही.

मग मी फळ्यावर लिहून शिकवलं. फळ्यावर माझा आवाज बरा आहे.


गुरुवार, ६

अप्पा अजून माऊसला हात लावत नाहीत. म्हणतात, "आधी पोरांचं होऊ दे." पोरांचं झालं की म्हणतात, "आता गाडी आलीये खाली."

येताना आम्ही बरोबर चालत येतो. आज पूर्ण रस्ताभर कुणी काही बोललं नाही. एरवीही आम्ही फार बोलत नाही, पण ते न बोलणं वेगळं असतं. कोपऱ्यावरून एक स्कूटर गेली तेव्हा अप्पा म्हणाले, "चेन सैल आहे." तेवढंच.

डेंटरकाकांनी एक माऊस फोडला. डबल क्लिक करा म्हटलं होतं. त्यांचा हात सवयीने पडला. "काका, पत्रा नाही हो हा," मी म्हणाले. हे मात्र सगळ्यांना ऐकू गेलं असावं, कारण सगळे हसले, आणि यावेळी माझ्यावर नाही.


शनिवार, ८

वरची खोली झाडली, फळा पुसला. दुसरं काही लिहायला नाही.


सोमवार, १०

आज अप्पांना बसावंच लागलं. मालकीणबाई स्वतः येऊन दारात उभ्या राहिल्या.

अप्पा खुर्चीवर बसले, आधी रुमालाने हात पुसले, मग माऊस पुसला, मग टेबल. माऊस त्यांच्या हातात दिसेनासाच झाला. त्यांची एक गंमत आहे. क्लिक करायच्या आधी ते बोट वर उचलतात, तसंच धरतात, श्वास सोडतात आणि मग दाबतात. बोल्टला शेवटचा पीळ देताना करतात ना, अगदी तसं. मी म्हणणार होते की एवढं नको, नुसतं दाबा. पण नाही म्हणाले. दाबलं जातंय ना, मग झालं.

मग नको ते झालं. मी म्हणाले, "उजव्या कोपऱ्यात वर लाल चौकट आहे, ती दाबली की बंद होतं."

अप्पा डावीकडे बघत राहिले.

मी म्हणाले, "उजव्या."

"उजव्याच कोपऱ्यात बघतोय. नाहीये."

"अहो, उजव्या!"

"मी काय आंधळा आहे का?" अप्पा जोरात म्हणाले. खाली कुणीतरी पाना टाकला, तोसुद्धा ऐकू आला. अप्पा उठले, रुमाल खांद्यावर टाकला आणि जिना उतरून गेले.

मालकीणबाईंनी मला काही म्हटलं नाही. त्या नुसत्या लांब श्वास घेऊन गेल्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

अप्पांना दिसत नाही का? का उजवंडावं कळेनासं झालंय? कुणाच्या तरी वडिलांना असं झालं होतं म्हणे, डोक्यात रक्त साकळलं होतं. आज जेवताना मी अप्पांकडे चोरून बघत होते. घास तर उजव्याच हाताने घेत होते.


मंगळवार, ११

एक नवीन काळजी. अप्पांचं बोट थरथरतं.

काल रात्रीच्या जेवणात पहिल्यांदा बघितलं, आज सकाळी चहाच्या वेळी परत. उजव्या हाताचं पहिलं बोट. ताटाच्या, बशीच्या कडेवर ठोकतात. टकटक. मग थांबतात. परत टकटक. दोनदाच, कायम दोनदा. त्यांना स्वतःला कळतही नसावं. नजर दुसरीकडेच असते, भिंतीकडे.

मी आईला आत नेऊन सांगितलं. म्हटलं, डॉक्टरला दाखवायला पाहिजे, हात गेला तर मिस्त्रीचं काय राहिलं?

आई म्हणाली, "काही नाही झालेलं त्यांना."

"अगं, बघितलंस का तू?"

"बघितलं. सकाळपासून बघतेय," आई म्हणाली आणि तोंडाला पदर लावून हसली. मला तिचा इतका राग आला. माणसाचं बोट हलतंय आणि ही हसतेय.


गुरुवार, १३

आज मी मोठी चूक केली आणि बरं झालं केली.

सकाळी एक बाई गाडी घेऊन आल्या. गाडीसमोर उभ्या राहून म्हणाल्या, "हा दिवा लागत नाही." मीही त्यांच्याशेजारी उभी होते. दिवा आमच्या उजव्या हाताला होता. मी कार्डावर लिहिलं, उजवा हेडलाईट. दुपारी डेंटरकाकांनी बंपर उतरवून चांगला दिवा काढून ठेवला होता आणि बिघडलेला तसाच.

अप्पांनी सगळ्यांसमोर मला झापलं. "किती वेळा सांगायचं तुला? गाडीचं उजवं म्हणजे आत बसलेल्याचं उजवं. समोर उभं राहून बघितलं तर ते आपल्या डाव्या हाताला येतं. तुझं उजवं कुणी विचारलंय? गाडीचं विचार!"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी काउंटरवर येऊन बसले, पडद्याकडे बघत. पडदा माझ्याकडे बघत होता. आणि तेव्हा माझ्या डोक्यात एकदम लख्ख झालं.

अप्पा कॉम्प्युटरसमोर बसतात ते बॉनेटसमोर उभे राहतात तसे. पडद्याचं तोंड त्यांच्याकडे. मग पडद्याचं उजवं कुठे असणार? त्यांच्या डाव्या हाताला! ते बरोबर बघत होते. इतकी वर्षं गाड्यांच्या नाकासमोर उभा राहिलेला माणूस दुसरीकडे कशाला बघेल?

मी उठून त्यांना सांगायला गेले. ते गाडीखाली होते. पायांना काय सांगणार? परत आले.


शुक्रवार, १४

सांगितलं. क्लासमध्येच सांगितलं, कारण नंतर एकटीने सांगायची हिंमत झाली नसती.

अप्पा आले होते, मागेच बसले होते. मी त्यांच्याकडे न बघता म्हणाले, "आपण गाडीच्या समोर उभे नाही आहोत. आपण आत बसलोय. हा पडदा म्हणजे पुढची काच. आपलं उजवं तेच त्याचं उजवं."

मग मागून डेंटरकाका, "अरे तिच्या! म्हणजे मी पंधरा दिवस उलट्या बाजूला बसलोय!"

म्हणजे त्यांचंही तेच होत होतं. अर्ध्या लोकांचं तेच होत होतं. लाजेने कुणी बोललं नव्हतं.

"मग स्टेअरिंग कुठंय?" डेंटरकाका.

"माऊस."

"ब्रेक?"

"एस्केपचं बटण."

"आणि हॉर्न?"

"हॉर्न तुम्हीच आहात की, काका," मी म्हणाले. कुठून सुचलं देव जाणे. खोलीत असा हशा झाला की मालकीणबाई जिन्यातून डोकावल्या.

अप्पा उठून पहिल्या खुर्चीवर येऊन बसले. हात पुसले, माऊस धरला. मी म्हणाले, वर उजवीकडे लाल चौकट. बाण सरळ तिथे गेला. बोट वर, श्वास, टक्. बंद.

"आता पुढे काय, मॅडम?" अप्पा म्हणाले.

डेंटरकाका मला अधूनमधून मॅडम म्हणतात, पण ते चिडवायला. अप्पांचं मला ओळखता आलं नाही. चिडवत होते का? त्यांना राग आला असेल का, सगळ्यांसमोर सांगितलं म्हणून? घरी येताना विचारायचं ठरवलं होतं, पण घर लवकर आलं.


मंगळवार, १८

आजपासून खाली गाडीवर शिकवते. स्कॅनर म्हणजे एक वायर. तिचं एक टोक स्टेअरिंगखालच्या सॉकेटमध्ये, दुसरं लॅपटॉपला. गाडीचं काय दुखतंय ते गाडी स्वतः सांगते. साहेब परीक्षेत गाडीत मुद्दाम काहीतरी बिघाड करून ठेवणार. आधी स्कॅनर लावायचा, बिघाड वाचायचा, रिपोर्ट सेव्ह करायचा, आणि मगच हाताने दुरुस्त करायचं. याच क्रमाने.

हा क्रमच आमच्या लोकांच्या गळी उतरत नाही. अप्पांच्या तर मुळीच नाही. इंजिन सुरू झालं की त्यांची मान तिरकी होते आणि हात आपोआप आत जातो. आज दोन्ही वेळा मी स्कॅनर लावेपर्यंत गाडी दुरुस्त झालेली. पडद्यावर हिरव्या अक्षरात, दोष नाही.

"झाली की चालू," अप्पा म्हणाले.

"पण रिपोर्ट?"

"गाडी चालू झाली हाच रिपोर्ट."

म्हणून मी त्यांना एक वाट दाखवून ठेवली. हात आधी गेलाच, तरी घाबरायचं नाही. गाडी विसरत नाही. वर उजवीकडे 'जुने दोष' म्हणून आहे, ते उघडलं की येऊन गेलेला बिघाड दिसतो. तो सेव्ह केला तरी चालतं, थोडे गुण जातील फक्त. अप्पांनी माझ्याकडून ते तीनचार वेळा म्हणवून घेतलं.

दुसरं एक. संध्याकाळी स्टोअरच्या मागे अप्पा आणि कॉलर काहीतरी खुसूरफुसूर करत होते. मला बघून गप्प झाले. अप्पा म्हणाले, "तू हो पुढे, मी येतो मागून." कॉलरच्या काकाचं स्वतःचं गॅरेज आहे. अप्पा दुसरीकडे काम बघतायत. म्हणजे त्यांना वाटतंय की ते नापास होणार. म्हणजे त्यांना वाटतंय की मला शिकवता येत नाही.


शनिवार, २२

आठवडाभर अप्पा उशिरा घरी येतायत. कॉलर वरच्या खोलीची चावी माझ्याकडून मागून नेतो, म्हणतो प्रॅक्टिस करायचीये. करेना का.

एक चांगलं आहे. अप्पांना सगळं येतंय. मी सांगायच्या आधीच बाण पोचलेला असतो. आज मेलसुद्धा पाठवला. मला नाही, मालकीणबाईंना. लिहिलं होतं, "गाडी तयार आहे." मालकीणबाईंनी तो काउंटरवर येऊन मला दाखवला, परत परत दाखवला.

असं अचानक कसं यायला लागलं, कळत नाही. अशाने मला आणखीनच भीती वाटते. जे पटकन येतं ते पटकन जातं, असं माझं शाळेत व्हायचं.

बोट अजून हलतं. आता टेबलावरसुद्धा.


बुधवार, २६

उद्या.

डेंटरकाकांनी दाढी केली. कॉलरने कॉलर खाली केली. अप्पांनी नेहमीसारखा डबा खाल्ला, अर्धा. मी विचारलं, "भीती वाटते का?" अप्पा म्हणाले, "कशाची? मला बसायचंय, तुला नाही." मग थोडं थांबून, "तू जेवलीस का?"

नव्हते जेवले.


गुरुवार, २७

घाईत लिहितेय, अक्षर बघू नये.

साहेब आले. तरुण होते, चष्मा, हातात प्लास्टिकचा पॅड. वाईट नव्हते, पाणी दिलं तर थँक्यू म्हणाले. सगळ्यांना उभं करून नियम सांगितले. एकेकाने गाडीपाशी यायचं. बाकीच्यांनी लांब उभं राहायचं. बाहेरून कुणी काही सांगितलं तर त्या माणसाची परीक्षा रद्द. मी काउंटरवरून हे ऐकलं. चांगलं स्पष्ट ऐकलं.

डेंटरकाका झाले. घामाघूम, पण झाले. कॉलर झाला. मग अप्पा.

साहेबांनी अप्पांना पाठ करून उभं केलं आणि बॉनेटखाली कसलीतरी वायर काढली. "चालू करा." गाडी सुरू झाली आणि खोकायला लागली. मी मनात म्हटलं, अप्पा, हात नको. अप्पा, आधी स्कॅनर. अप्पांची मान तिरकी झाली.

हात आत गेला. टक्. गाडी गुळगुळीत.

अप्पांनी हात बाहेर काढला आणि हाताकडेच बघत राहिले, जसं काही तो दुसऱ्या कुणाचा आहे.

"बरं," साहेब म्हणाले. "आता रिपोर्ट दाखवा."

मी एक कार्ड उचललं, कशाचं ते माहीत नाही, आणि काउंटरमागून निघून गाडीच्या दिशेने गेले. कुणी विचारलं तर म्हणणार होते, कार्ड द्यायचंय. ट्रॉलीवरचा लॅपटॉप तिथून दिसत होता. अप्पांनी स्कॅनर लावला. हिरवी अक्षरं आली, दोष नाही. साहेबांनी पॅडवर काहीतरी खूण केली. अप्पांनी माऊस धरला. बाण हळूहळू वर गेला, उजवीकडे, 'जुने दोष'वर जाऊन थांबला. थांबलाच. पुढे काही होईना. अप्पांचं बोट वर उचललेलं, तसंच. खाली येईना. मला वाटलं गोंधळले, विसरले, आता शेजारचं 'बंद' दाबणार.

"अप्पा, जुने दोष! तेच दाबा!"

हे मी ओरडले. मी. नेमका कम्प्रेसर त्याच क्षणी बंद झाला होता. आवाज पत्र्याला लागून परत आला. रस्त्यावरचा एक माणूस आत डोकावला.

कॉलर हळूच म्हणाला, "सायलेन्सर फुटला." कुणी हसलं नाही.

"कोण बोललं?" साहेब.

मी मान हलवली, वरखाली.

साहेबांना वाईट वाटलं असावं. त्यांनी चष्मा काढून पुसला. मालकीणबाई पुष्कळ बोलल्या. मुलगी आहे, लहान आहे, चुकून झालं. साहेब म्हणाले, "मॅडम, आज मी सोडलं तर उद्या सगळीकडे सोडावं लागेल." अप्पांचं त्यांनी रद्द केलं. पुढच्या महिन्यात परत. तोपर्यंत नियम तो नियम.

बाकी सगळे पास. डेंटरकाकासुद्धा. पेढे वाटावेत असा दिवस, आणि कुणी कुणाला टाळीसुद्धा दिली नाही.

अप्पांनी लॅपटॉप बंद केला. नीट. वर उजवीकडे.


शुक्रवार, २८

अप्पा वॉशिंगला आहेत. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, हातात पाइप. गाडी धुताना त्यांची मान तिरकी होते. आज एका गाडीवर पाणी मारता मारता थांबून म्हणाले, "हिचा पट्टा जाणार." मग लक्षात आलं की तो पट्टा आता दुसऱ्याने बदलायचा, मग परत पाणी मारलं.

मी दिवसभर काउंटरवरून उठले नाही. दुपारी डेंटरकाका आले. म्हणाले, "मिस्त्री कालपासून येईल त्याला विचारतायत, ऐकला का आमच्या पोरीचा आवाज? रस्त्यापर्यंत गेला म्हणे." मला रडायलाच आलं. अप्पांना एवढं लागलंय की जगाला सांगत सुटलेत. सांगणारच. माझ्यामुळे त्यांच्या हातात पाइप आला.

येताना मी विचारलंच. "अप्पा, तुम्ही दाबणार होतात का?"

अप्पा पुढे बघून चालत होते. "काय?"

"काल. जुने दोष. माझ्याआधी. तुम्ही दाबणारच होतात का?"

"छे," अप्पा म्हणाले. "काही आठवतच नव्हतं. डोकं बंद पडलं होतं. मी तर ते दुसरंच दाबणार होतो, काय ते, बंद."

"खरंच?"

"खरंच तर. आणि ते दाबलं असतं तर नापास. नापास म्हणजे नापास, वर्षभर विचारायचं नाही. हे नुसतं रद्द आहे. रद्द झालेलं परत देता येतं. वाचवलंस तू मला."

थोडं पुढे गेल्यावर म्हणाले, "गार पाण्याने पायांना बरं वाटतं. उन्हाळा आहे."

अप्पा खोटं बोलत नाहीत. गिऱ्हाइकाशीसुद्धा बोलत नाहीत, त्यावरून मालकीणबाईंची आणि त्यांची भांडणं होतात. तरी झोप यायला वेळ लागेल असं वाटतंय.


सोमवार, ३१

मालकीणबाई सकाळी माझ्यासमोर चहाचा कप ठेवून उभ्या राहिल्या, म्हणजे काहीतरी वाईट असणार. कंपनीच्या साहेबांनी कळवलंय म्हणे, तुमच्याकडे एका झटक्यात एवढे पास झाले, आता आजूबाजूच्या वर्कशॉपचे लोकही तुमच्याकडेच पाठवतो. "आजपासून. तू घेशील ना?"

मान हलली.

वरच्या खोलीत सगळे अनोळखी. मोठमोठी माणसं, कुणाच्या मिश्या पांढऱ्या, कोर्सची नवी पोरं भिंतीला टेकून. एका जाड्या माणसाने इकडेतिकडे बघून विचारलं, "मास्तर कुठंय?" कॉलरने माझ्याकडे बोट दाखवलं. तो माणूस हसला. वाईट नाही हसला, पण हसला, आणि त्याच्या शेजारचे दोघं हसले. "ही? अरे, हिच्याएवढी तर माझी धाकटी आहे."

मी नुसती उभी राहिले. अगदी शाळेतल्यासारखी. फळ्याकडे वळणार होते, तेवढ्यात दार उघडलं. अप्पा. बूट ओले, पँट ओली, चालतील तिथे पाणी. "मालकीणबाई म्हणाल्या, मलाही परत बसायचंय," असं म्हणून सरळ पहिल्या खुर्चीवर येऊन बसले. हात पुसले. माऊस असा धरला जसं काही पहिल्यांदाच हातात घेतलाय, उलटा.

"मॅडम," अप्पा म्हणाले, चांगले मोठ्याने. "हा बाण हलवायचा कसा?"

बाण हलवायचा कसा? अप्पांना मेल पाठवता येत होता! चार दिवस गार पाण्यात उभं राहून सगळं पुसलं गेलं का? की त्या दिवशीचा धक्का बसलाय? मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. ते अगदी शांतपणे माझ्याकडे बघत होते, उत्तराची वाट बघत. जाड्या माणसाने स्वतःचाही माऊस उचलून बघितला. त्यालाही येत नव्हतं वाटतं.

मग काय करणार? मी पहिल्यापासून सुरू केलं. माऊस कसा धरायचा, तिथपासून. खाली वॉशिंगची मोटार चालू होती, म्हणून मागच्या भिंतीपर्यंत जाईल असं बोलावं लागलं. अप्पा प्रत्येक गोष्टीला मान हलवत होते, आणि मध्येच असं काही विचारत होते की कीव यावी. मी सगळं परत परत सांगितलं. क्लास कधी संपला कळलंच नाही.

आता रोज त्यांना घरीही थोडं थोडं घ्यावं लागणार. परीक्षेला वेळ कमी आहे आणि अप्पांना काहीच येत नाही.